चौथं वर्ष, एक झटका आणि माझा उतावळा हात (स्टीलहेड, डेशूट्स नदी)

काठावरचा:
मंडळी, मागे ट्राउटवर लिहिलं तेव्हा "स्टीलहेडचं काय झालं?" असं दोघातिघांनी विचारलं होतं आणि मी गुळमुळीत उत्तर देऊन सटकलो होतो. आता खरं सांगून टाकतो. स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून नदीत परतणारा मासा. तो गळाला लावायला आम्ही चौघं मित्र दर वर्षी सप्टेंबरअखेर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडहून निघतो, माउंट हूड ओलांडतो, मॉपिनवरून डेशूट्सच्या घळईत उतरतो, तीन रात्री तंबूत काढतो आणि हात हलवत घरी येतो. यंदा चौथं वर्ष.

ट्राउटची गोष्ट निराळी. मेअखेरीस त्याच नदीवर सॅमनफ्लाय नावाचे बोटभर लांब किडे पाण्यातून निघून काठच्या गवतावर चढतात, वाऱ्याने धपाधप पाण्यात पडतात, आणि इथले ट्राउट (लोक त्यांना रेडसाइड म्हणतात, कुशीवर लाल पट्टा असतो) खादाडासारखे वर येतात. तेव्हा आमच्यातला सगळ्यात अडाणी माणूसही, म्हणजे बंड्या, दिवसाला चारपाच धरतो. कृत्रिम माशी (गळावर पिसं-दोरा बांधून केलेला किडा) वरून तरंगत येते, मासा ती घेतो, आपण काठी उचलायची. झालं.

हीच सवय मला नडली.

शनिवारी पहाटे अजून अंधार होता. घळईच्या पूर्वेच्या काठाने जो कच्चा रस्ता जातो त्याच्याकडेला आमचा तळ. हा रस्ता म्हणजे मूळची रेल्वेची पट्टी. १९०९ साली दोन कंपन्या ईर्ष्येला पेटून एकाच घळईच्या दोन काठांनी रूळ टाकत निघाल्या होत्या. पलीकडच्या काठावर आजही रात्री मालगाडी धडधडत जाते आणि तंबूतला माणूस दचकून उठतो. अलीकडचे रूळ गेले, रस्ता राहिला. असो.

पाण्यावर ऊन यायच्या आत मासेमारी उरकायची, असा इथला रिवाज. मी मांडीभर पाण्यात उभा. दोन्ही हातांनी धरायची तेरा फुटी काठी, काळी माशी, तिच्या बुडाशी हिरवा ठिपका. दोरी पलीकडे तिरकी खाली टाकायची, मग धार तिला ताणत ताणत आपल्या काठाकडे आणते, माशी आडवी पोहत येते. आली की दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा तेच. दोन पावलं, पुन्हा तेच. यात विचार करण्यासारखं काही नसतं, म्हणून माणूस ऑफिसचा विचार करतो. मी तोच करत होतो.

आणि दोरी थांबली. खडकाला अडकल्यावर थांबते तशी नाही. कुणीतरी पलीकडून "हं?" म्हणावं तशी. मग एक जड, संथ ओढ, आणि रीळ कर्र कर्र असं दोनदा वाजलं.

मी काठी उचलली.

पुढे लिहिण्यासारखं काही नाही. दोरी हलकी झाली. माशी हवेतून येऊन माझ्या टोपीवर बसली. वरच्या बाजूला आमच्या चौघांतला दादा उभा होता, त्याने सगळं पाहिलं होतं. तो एवढंच म्हणाला, "चहा टाकू का?"

भटकभवानी:
टोपीवर बसली!! मेले हसून. फोटो टाका, निदान टोपीचा तरी.

प्रश्नचिन्ह:
छान लिहिलंय. माझे बाळबोध प्रश्न: १) स्टीलहेड आणि ट्राउट हे वेगळे मासे आहेत ना? २) काठी उचलणं चूक कसं? मासा लागला की ओढायचंच असतं असं मी समजत होतो.

काठावरचा:
पहिल्याचं उत्तर वल्हेकरीकाका देतील, त्यांच्या तोंडचा घास मी काढत नाही. दुसऱ्याचं देतो, कारण त्यासाठी मी चार वर्षांची फी भरली आहे.

वरून येणारी माशी ट्राउट जेव्हा घेतो तेव्हा तो साधारण आपल्या वरच्या किंवा समोरच्या अंगाला असतो. काठी उचलली की गळ त्याच्या तोंडात मागे ओढला जातो आणि रुततो. स्टीलहेडच्या वेळी मासा आपल्या खालच्या बाजूला, तोंड आपल्याकडे करून. दोरी आधीच ताणलेली. त्याने माशी ओठात धरली त्याच क्षणी तुम्ही काठी उचललीत, तर उघड्या तोंडातून माशी सरळ बाहेर. थांबलात, तर तो माशी घेऊन आपल्या जागी परत वळतो, आणि वळताना दोरीच गळाला जबड्याच्या कोपऱ्यात नेऊन बसवते. म्हणजे गळ बसवायचं काम माशाने करायचं, आपण काही करायचं नाही. जाणते लोक रीळ आणि बोट यांच्यामध्ये हातभर दोरीचा सैल फास धरून ठेवतात. झटका आला की तो फास सोडून द्यायचा. तेवढा वेळ माशाला वळायला पुरतो.

माझ्या बोटात फास होता. मी तो मुठीत आवळला. आणि वर काठी उचलली. एका चुकीवर भागलं नाही.

जुना वल्हेकरी:
घास घेतो.

प्रश्नचिन्ह, दोन्ही एकच. रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकाच जातीची दोन आयुष्यं आहेत. शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस. मायकिस हे नाव १७९२ साली कामचाटकातल्या माशावरून पडलं. अमेरिकेतल्या रेनबोला आधी युरोपातल्या ट्राउटच्या कुळात बसवलं होतं, १९८९ मध्ये त्याला पॅसिफिक सॅमनच्या कुळात आणलं. एकाच आईबापांच्या पिल्लांतली काही नदीत राहतात आणि वीतभर-हातभर होऊन तिथेच म्हातारी होतात. काही एकदोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, समुद्रात उतरतात, तिथे वाढून चंदेरी होतात आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततात. ते स्टीलहेड. पॅसिफिकचे बाकीचे सॅमन अंडी घातली की मरतात. हा मरतोच असं नाही, काही मासे पुन्हा समुद्रात जाऊन दुसऱ्यांदाही येतात.

आता काठावरच्याला. उन्हाळी स्टीलहेड नदीत शिरतो तो पुढच्या वसंतात अंडी घालायला. मधले कितीतरी महिने तो अंगातल्या चरबीवर काढतो, खाणं जवळजवळ बंद. मग माशी का घेतो? लहानपणची सवय म्हणा, चीड म्हणा, कुतूहल म्हणा. तुम्ही न भुकेलेल्या माणसाला जेवायला बोलावताय, हे लक्षात ठेवा. चार वर्षांत एक झटका म्हणजे काही वाईट नाही. या माशाला हजार फेकींचा मासा म्हणतात ते उगीच नाही.

खवलेकर:
हजार वेळा फेकायचं, मग धरायचा, मग सोडून द्यायचा. आमच्या घरी हे सांगितलं तर जेवायला वाढणार नाहीत. गंमत सोडा, पण मला हे खरंच पटत नाही. खायचा नसेल तर त्याच्या तोंडात गळ घालायचाच कशाला? खाण्यासाठी मारणं मला कळतं. खेळ म्हणून दमवणं कळत नाही.

काठावरचा:
खवलेकर, प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे याचं धड उत्तर नाही. नियम काय आहे ते सांगतो. पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, या माशांना एक छोटा मांसल पर असतो. पैदास केंद्रातली पिल्लं सोडताना तो पर कापतात. पर शाबूत असेल तर मासा रानटी, तो सोडायचा. पर कापलेला असेल आणि त्या नदीवर परवानगी असेल तर ठेवता येतो. म्हणजे सगळेच सोडून देतो असं नाही. (सध्या मी काहीच सोडत नाही, कारण काहीच धरत नाही.)

पाणकोंबडी:
खवलेकरांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. मी सिएटलजवळ राहते, आम्ही तिघी मैत्रिणी जातो, आणि दर वेळी गाडीत हाच वाद होतो. मी सोडण्याच्या बाजूची आहे, पण "सोडला म्हणजे जगला" हे काही खरं नाही. मासा हवेत धरून फोटो काढत बसलात तर तो गेला म्हणून समजा. गळाचं उलटं टोक पकडीने आधीच चेपून टाकायचं, म्हणजे गळ लगेच निघतो. मासा पाण्यातच ठेवायचा, कल्ले पाण्याखाली. कोरड्या हाताने धरायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं थर्मामीटर. पाणी २० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ६८ फॅरनहाइटच्या वर गेलं की काठी बंद. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यात दमलेला मासा. मोंटानात उन्हाळ्यात नद्या तापल्या की दुपारी दोननंतर मासेमारीला बंदीच घालतात.

आमची नदी ऑलिंपिक द्वीपकल्पातली हो. नाव खरंच 'हो' आहे. नदी हो म्हणते, मासा नाही म्हणतो. हिमनदीचं पाणी असल्यामुळे ऊन वाढलं की नदी दुधाळ होते, आपले पाय दिसत नाहीत, मग माशाला माशी कुठली दिसायला. आम्ही जातो हिवाळ्यात. काठीच्या कड्यांत बर्फ जमतो, तो तोंडाने फुंकून काढायचा. २०२० च्या डिसेंबरात तिथल्या राज्य खात्याने द्वीपकल्पावरच्या नद्यांत होडीत बसून गळ टाकणं बंद केलं, मासे कमी झाले म्हणून. पुष्कळ जण चिडले. मला बरं वाटलं. होडीतून दिवसभरात मैलोगणती पाणी चाळून काढता येतं, पायी गेलं की माशांना थोडी तरी विश्रांती.

अवांतर: बायकांसाठी. तंगड्यांपासून छातीपर्यंतचा जलरोधक वेडर, त्यावर पट्टा, त्यावर जाकीट, आणि तीन डिग्री तापमानात लघवीला जायचं. पुढून पूर्ण चेन असलेला वेडर घ्या. बाकी कशातही काटकसर करा.

भटकभवानी:
हे कुणीच सांगत नाही!! वाचनखूण साठवली.

जुना वल्हेकरी:
पट्ट्यावरून आठवलं. वेडरवर कमरेला जो पट्टा असतो तो शोभेचा नाही. पडलात तर वेडरमध्ये पाणी शिरू नये म्हणून असतो. मी हे लिहू शकतोय ते त्याच्यामुळे.

ओरेगॉनमधलीच नॉर्थ अंपक्वा नदी, स्टीमबोट गावाजवळचं पाणी. तिथे तळाला काळ्या कातळाच्या फळ्या आहेत, फळी संपली की एकदम खोल. वरून दोन्ही सारखंच हिरवं दिसतं. आम्ही पाच जण होतो, मी वयाने मोठा म्हणून पहिली पाळी मला. मी ऐटीत काठी बगलेत मारून चाललो आणि फळी संपली. टोपी आधी गेली, मग मी. पट्टा घट्ट होता, पाय खालच्या दिशेला करून पाठीवर तरंगलो आणि वळणावर एका झुडपाला लागलो. मित्रांनी काढलं. त्यांतल्या एकाने आधी माझी काठी काढली, मग मला. त्याच्याशी अजून बोलतो, पण कमी.

ही नदी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जरूर पाहावी. तिच्यावर ३१ मैल फक्त कृत्रिम माशीनेच मासेमारी करता येते, १९५२ पासून. तिथले जुने जाणते फ्रँक मूर. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले होते, परत येऊन या नदीकाठी राहिले. जंगलतोडीने ओढ्यांवरची सावली जाते, पाणी तापतं, पिल्लं मरतात, हे ते सांगत फिरले. २०१९ मध्ये तिथला स्टीलहेडचा मुलूख त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या नावाने कायद्याने राखून ठेवला गेला. पुढच्याच वर्षी सप्टेंबरच्या वणव्यात त्यांचं घर जळालं. २०२२ मध्ये, ९८ व्या वर्षी ते गेले. मी त्यांना दुरून पाहिलंय. दोरी टाकत होते. एखादा आंधळासुद्धा आवाजावरून ओळखेल, की आवाजच येत नाहीये.

नवशिक्या:
काका, दंडवत. मला सुरुवात करायची आहे. थेट स्टीलहेडपासून केली तर चालेल का? कोणती काठी घेऊ?

काठावरचा:
नको रे बाबा. ट्राउटपासून कर. नऊ फुटी, पाच वजनाची (हा दोरीचा क्रमांक, काठीचं वजन नव्हे) काठी, तरंगती दोरी, दोनचार माश्या. आधी मैदानातल्या गवतावर दोरी टाकायला शीक, माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. मागे दोरी पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे. नव्वद टक्के लोक मागे थांबत नाहीत. दोन हातांची लांब काठी नंतर. तिला मागे जागा लागत नाही, मागे झाडं किंवा कडा असला तरी चालतं, म्हणून मोठ्या नद्यांवर ती वापरतात. ती पद्धत स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आली.

आणि मित्र नीट निवड. काठीपेक्षा ते महत्त्वाचं. आमचे नियम सांगतो. नदीच्या एका पट्ट्यात एकामागून एक उतरायचं, पुढचा दोन पावलं सरकला की मागच्यानेही सरकायचं. कुणी उभा असेल तर त्याच्या खालच्या अंगाला जाऊन उतरायचं नाही, मग तो ओळखीचा असो नसो. पहिली पाळी रोज बदलते. आणि डेशूट्सवर होडी फक्त ने-आण करायला, तीत बसून गळ टाकायला मनाई आहे, तेव्हा "मी होडीतच बसतो" म्हणणाऱ्या आळशी मित्राला तिथे कामाला लावता येतं.

प्रश्नचिन्ह:
मासे कमी झालेत म्हणजे किती? की जुनी माणसं नेहमी म्हणतात तसंच?

पाणकोंबडी:
नाही हो, मोजलेलं आहे. कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरण आहे, तिथे माशांना वर चढायला पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे आणि तिला काचेची खिडकी. खिडकीमागे बसून मासे मोजतात, १९३८ पासून. डेशूट्सला येणारा प्रत्येक स्टीलहेड त्या धरणावरून येतो. २००१ साली सहा लाखांहून जास्त स्टीलहेड गेले. २०२१ साली लाखाच्याही खाली. त्याच वर्षी ऑगस्टात नॉर्थ अंपक्वावर मासेमारी बंद करावी लागली. समुद्र तापला, धरणं, तापलेल्या नद्या, पैदास केंद्रातल्या माशांची रानटी माशांशी सरमिसळ, प्रत्येकजण आपापल्या आवडत्या कारणाकडे बोट दाखवतो आणि बहुतेक सगळेच थोडेथोडे बरोबर आहेत.

चांगलंही सांगते. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली आणि उन्हाळी स्टीलहेड वरच्या पाण्यात परत दिसू लागले. क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२३-२४ मध्ये गेली, २०२४ च्याच शरदात सॅमन त्यांच्या जागेच्या वर पोचले. नदीला सांगावं लागलं नाही.

खवलेकर:
मग इतके कमी असताना तुम्ही जाताच कशाला?

पाणकोंबडी:
ज्या वर्षी बंद असतं त्या वर्षी जात नाही. २०२१ मध्ये आम्ही तिघी काठी न घेता गेलो, खडकावर बसून एका डोहात सहा मासे मोजले. तीन तास. त्यातली एक मैत्रीण म्हणाली की तिची ही सगळ्यात चांगली सहल. मी तसं म्हणणार नाही. मला काठी हवीच होती.

काठावरचा:
खूप दिवसांनी धागा वर काढतो. ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही पुन्हा गेलो होतो, दोनच रात्री. दादाने निघताना माझ्या काठीच्या मुठीवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहिलं: 'थांब'.

रविवारी सकाळी पहिली पाळी माझी. मी नदीचा तो पट्टा अख्खा उतरलो, काही नाही. पंचवीस पावलं मागे बंड्या. त्याच्याकडे माझ्याच डबीतली, माझ्याच हातची बांधलेली माशी. तो दोरी टाकून सँडविच खात होता, म्हणजे एक हात कामात आणि दुसरा तोंडात. त्याला झटका आला तेव्हा काठी उचलायला हात मोकळाच नव्हता! मासा शांतपणे वळला, गळ जिथे बसायचा तिथे बसला, आणि सँडविच नदीत गेलं.

दहाबारा मिनिटं चाललं असेल. मासा दोनदा पाण्याबाहेर आला, दुसऱ्यांदा पूर्ण, आणि पडल्याचा आवाज समोरच्या कड्यावरून परत आला. शेवटी उथळात आणला तेव्हा बंड्या ओरडला, "धर!" मी गुडघ्यावर बसलो, शेपटीच्या देठाला हात घातला. इतका थंड, आणि इतका घट्ट, की पाण्यात लोखंडी कांब धरल्यासारखं वाटलं. कल्ले माझ्या दुसऱ्या हाताच्या मनगटाला लागून उघडमीट करत होते. चार वर्षांत मी स्टीलहेडला पहिल्यांदा हात लावला, तोही दुसऱ्याच्या.

पाठीवरून बोट फिरवलं. शेपटीच्या अलीकडे जिथे पर असायला हवा तिथे गुळगुळीत वण. पैदास केंद्राचा मासा. परवानगी होती. बंड्या माझ्याकडे बघतोय, मी दादाकडे, दादा चहाच्या भांड्याकडे. खवलेकर, तुमची आठवण आली, शपथ.

बंड्या म्हणाला, "ठेवू." डोक्यात एक दगड, लगेच कल्ले कापून रक्त काढलं. मासा ठेवला की टॅगवर (परवान्याच्या नोंदपत्रावर) तिथल्या तिथे नोंद करायची असते. बंड्याचे हात इतके थरथरत होते की तारीख मी लिहिली.

खवलेकर:
शाब्बास बंड्या! आता फोटो टाका.

काठावरचा:
फोटो आहे, पण त्यात फक्त ताट आहे.

भटकभवानी:
तोच टाका.

काठावरचा:
रिकामं आहे.